वेळ वाया घालवण्याचा अभ्यास

पीएचडी करणाऱ्या माणसाला दोन प्रश्न कधी विचारू नयेत. एक, "कधी संपतंय?" आणि दोन, "म्हणजे तू नक्की करतेस काय?" पहिल्याचं उत्तर तिलाही माहीत नसतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायला ती बसली की ऐकणाऱ्याला अचानक गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं. आमच्याकडे हे दोन्ही प्रश्न गेली साडेचार वर्षं दर गणपतीत, दर दिवाळीत आणि प्रत्येक लग्नात जेवणाच्या पंगतीत न चुकता विचारले जातात.

ज्या व्यक्तीला विचारले जातात ती माझी मावसबहीण. घरात सगळ्यात धाकटी म्हणून तिला बारकी म्हणतात, उंची माझ्याइतकीच असली तरी. पुण्यात एका संस्थेत तिचं संशोधन चालू आहे. विषय सोप्या भाषेत सांगायचा तर असा: एखाद्या पुलावर ठिकठिकाणी छोटे सेन्सर बसवायचे, पुलावरून ट्रक गेला की पूल कसा थरथरतो ते मोजायचं, आणि त्या थरथरण्यावरून पुलाची तब्येत ओळखायची. आता यात मेख अशी आहे की पुलाचं हे टोक आधी हललं की ते, हे कळायला सगळ्या सेन्सरची घड्याळं एकमेकांशी जुळायला हवीत. सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. एक सेन्सर जरा मागे राहिला तर धडधाकट पूलसुद्धा आजारी दिसतो. तर आमच्या बारकीचा विषय पूल नव्हे, त्या सेन्सरची घड्याळं. थोडक्यात, वेळ.

मागच्या महिन्यात मावशीचा साताऱ्याहून फोन आला. "अरे, तू जरा बोल तिच्याशी. तुझं ऐकते ती. फेलोशिप डिसेंबरात संपतेय, एका कंपनीकडून चांगली ऑफर आलीय, आणि ही बया नाही ते उद्योग करत बसलीय. नुसता वेळ वाया घालवतेय."

वेळेवर संशोधन करणारी मुलगी वेळ वाया घालवतेय, हे ऐकून मला हसू आलं. पण मावशी हसत नव्हती. तिचंही चूक नाही. फेलोशिप पाच वर्षांची. २०२३ पासून सीनियर फेलोला महिना ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडं. पाच वर्षं झाली की तेही बंद. बारकीच्या बरोबरीच्या मैत्रिणींचे फ्लॅट झाले, दोघी ऑनसाईट जाऊन आल्या. आणि ही?

ही "नाही ते उद्योग" करते. ते काय आहेत ते सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

पहिला उद्योग मावशीच्या फ्रीजमध्ये आहे. गेल्या उन्हाळ्यात बारकीनं मंडईतून एकाच जातीची तीन स्वस्त भिंतीवरची घड्याळं आणली. आधी महिनाभर तिन्ही हॉलमध्ये शेजारी शेजारी ठेवून प्रत्येकाची मूळ खोड मोजली, कोण किती पुढे जातं, कोण मागे पडतं. मग एक हॉलमध्येच ठेवलं, एक गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये, आणि तिसरं फ्रीजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी. मावशीनं रोज सकाळी तिन्हींचे फोटो मोबाईलच्या वेळेसकट पाठवायचे. मावशीनं कुरकुरत का होईना, पाठवले. (म्हणजे कागदोपत्री बघितलं तर मावशी ही या प्रकल्पाची रिसर्च असिस्टंट होती, विनावेतन.)

या घड्याळांत क्वार्ट्झचा एक इवलासा चिमटा असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा का? कारण त्याला दोननं पंधरा वेळा भागलं की बरोबर एक उरतो, आणि दोननं भागण्याइतकं स्वस्त काम इलेक्ट्रॉनिक्समध्ये दुसरं नाही. आता गंमत बघा. आपल्याला वाटेल की उकाड्यात घड्याळ एका बाजूला चुकेल आणि थंडीत दुसऱ्या. पण हा चिमटा साधारण २५ अंशांला सगळ्यात जलद चालतो, आणि तिथून गरमीकडे जा किंवा गारठ्याकडे, दोन्हीकडे मागेच पडतो. तोही सरळ हिशोबात नाही. फरक दुप्पट झाला की मागे पडणं चौपट. फ्रीजमधलं घड्याळ महिन्याभरात चाळीसेक सेकंद मागे पडलं, शेडमधलं पंधराएक. शेडमधल्या घड्याळाला रात्रीचा गारवा मिळाला म्हणून ते थोडक्यात वाचलं.

हे सगळं त्या क्रिस्टलच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. बारकीला ते पाठ आहे. थिसिसमध्ये मावशीच्या फ्रीजबद्दल एक ओळही येणार नाही. मग कशाला केलंस, असं मी विचारलं तर म्हणाली, "दादा, आलेख मी शंभरदा बघितलाय. पण फ्रीज उघडून घड्याळ मागे पडलेलं बघितलं तेव्हा मला पुलावरचा सेन्सर दिसला. दुपारी दोनला तापलेला आणि पहाटे गारठलेला."

दुसरा उद्योग म्हणजे येईल त्याला घड्याळं जुळवायला शिकवणं. माझ्या घरी शनिवारी आली की माझ्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन बसते. खेळ असा: तो आतल्या खोलीत, ही बाहेर. दोघांची घड्याळं मुद्दाम वेगळी लावलेली. हिच्या घड्याळात १० वाजून ० सेकंद झाले की ही चिठ्ठी पाठवते. चिठ्ठी मुलाच्या हातात पडते तेव्हा त्याच्या घड्याळात १० वाजून ७ सेकंद. तो ८ व्या सेकंदाला उत्तर पाठवतो, हिला ते स्वतःच्या घड्याळात ५ व्या सेकंदाला मिळतं. आता सांगा, त्याचं घड्याळ किती पुढे आहे?

एकूण प्रवास ५ सेकंद, त्यातला १ सेकंद उत्तर लिहिण्यात गेला, राहिले ४. जायला २, यायला २. म्हणजे चिठ्ठी पोचली तेव्हा हिच्या घड्याळात २ होते आणि त्याच्या ७. फरक ५ सेकंद. झालं!

तुमच्या लॅपटॉपमधलं घड्याळ इंटरनेटवरून बरोबर लागतं ते मुळात याच चार आकड्यांवर. डेव्हिड मिल्स या अमेरिकन संशोधकानं बसवलेली ही पद्धत, एनटीपी, १९८५ मध्ये पहिल्यांदा कागदावर आली आणि मिल्स २०२४ च्या जानेवारीत वारले तोवर जगभरातली अगणित यंत्रं तिच्यावर चालत होती. आजही चालतात. पण या हिशोबात एक गृहीतक लपलंय: जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. हिंजवडीला नोकरी करणाऱ्या कुणालाही हे गृहीतक किती भाबडं आहे ते सांगायला नको! इंटरनेटवरही तसंच आहे. आणि जाण्या-येण्यात नेमका किती फरक आहे हे फक्त या चार आकड्यांवरून कितीही डोकं आपटलं तरी कळत नाही. बारकीच्या थिसिसचं एक अख्खं प्रकरण या डोकं आपटण्यावर आहे.

असे उद्योग किती सांगू? हिच्यामुळे मला कळलं की जीपीएसच्या उपग्रहांतली घड्याळं आपल्यापेक्षा रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे धावतात. वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ पुढे, वेगामुळे ७ मागे, वजाबाकी ३८. दोन्ही परिणाम आइन्स्टाइनचे. प्रकाश ३८ मायक्रोसेकंदांत अकरा किलोमीटरच्या वर जातो, तेव्हा हे धरलं नाही तर एका दिवसात सगळा हिशोब किलोमीटरांनी भरकटायला लागेल. म्हणून उपग्रह सोडण्याआधीच त्यातल्या घड्याळांची गती मुद्दाम किंचित कमी ठेवतात. आपला पिझ्झा बरोबर दारात येतो त्यात आइन्स्टाइनचा वाटा आहे, असं तिनं एकदा डिलिव्हरीवाल्या पोरालाच सांगितलं. तो बिचारा ओटीपी मागत होता.

युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतं, पण ते ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून. म्हणून भारतातल्या प्रत्येक प्रोग्रामरनं कधी ना कधी स्क्रीनवर '०१-०१-१९७० ०५:३०' हे भूत बघितलेलं असतं. कुठेतरी तारखेच्या जागी शून्य पडलंय, याचा तो पुरावा. मीही शंभरदा बघितलंय, आणि शंभरदा बग बंद करून घरी गेलोय. बारकी तिथे थांबली आणि विचारत बसली: साडेपाचच का? त्याआधी काय होतं? त्यातून तिसरा उद्योग निघाला, आणि तो आमच्या आजीपर्यंत पोचला.

२०२४ च्या नोव्हेंबरात आजीचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. गुरुजींनी पत्रिका मागितली. ट्रंकेतून जुनी पत्रिका निघाली: हातानं काढलेली, कडा झिजलेल्या. जन्म सातारा, फेब्रुवारी १९४४ चा पहिला आठवडा, घड्याळी वेळ सकाळी ८ वाजून ५ मिनिटं, लग्न मकर. काकांनी हौसेनं तीच माहिती मोबाईलवरच्या ॲपमध्ये भरली. ॲप म्हणालं, लग्न कुंभ. काका अस्वस्थ. गुरुजी म्हणाले, जुन्या जोशांची गणितं अशीच असायची. बाकी कुणाला त्यात रस नव्हता, जेवणाच्या ऑर्डरीचं चाललं होतं.

बारकीला पत्रिकेत काडीचा रस नाही. पण तिला दुसरंच काहीतरी खुपलं. आजी कायम सांगत आलीय की ती जन्मली तेव्हा "नुकतं उजाडत होतं, सुईण दिवा मालवत होती." फेब्रुवारीच्या सुरुवातीला साताऱ्यात सूर्य सातनंतर पाच-दहा मिनिटांत उगवतो. मग आठ वाजून पाच मिनिटांनी नुकतं उजाडत कसं असेल?

रात्री जेवणं झाल्यावर ती लॅपटॉप घेऊन बसली. जगातल्या सगळ्या ठिकाणांची घड्याळं केव्हा, किती बदलली याची नोंद ठेवणारी एक साधी मजकुराची फाईल असते. तुमच्या फोनमध्ये, सर्व्हरमध्ये, सगळीकडे तीच माहिती वापरली जाते. आपली वेळ तिच्यात 'एशिया/कोलकाता' या नावानं आहे. त्यात १९०६ पासून आपली साडेपाचाची प्रमाणवेळ आहे. त्याआधी बराच काळ मद्रासची वेळ आहे. आणि मध्येच, १९४२ च्या सप्टेंबरपासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत, भारतातली घड्याळं एक तास पुढे! दुसरं महायुद्ध चालू होतं, म्हणून देशभर घड्याळं तासभर पुढे ठेवली होती.

आजीची ८:०५ म्हणजे आपल्या आजच्या हिशोबानं ७:०५. नेमकी सूर्योदयाची वेळ. सूर्योदयाला लग्न म्हणजे सूर्य ज्या राशीत असेल ती रास, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्य मकरेत असतो. जोशीबुवांचं गणित बरोबर. सुईणीचा दिवा बरोबर. आजीची गोष्ट बरोबर. ॲपला तेवढं युद्ध माहीत नव्हतं.

आजीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे मी खोटं नव्हते सांगत." ऐंशी वर्षांच्या बाईला हे वाक्य म्हणावंसं वाटलं, यावर मी पुढे बरेच दिवस विचार करत होतो. तिच्या त्या उजाडण्याच्या गोष्टीकडे आम्ही सगळेच म्हाताऱ्या माणसाची आठवण म्हणून बघत आलो होतो.

आता हा वेळ वाया गेला का? यातून पेपर निघणार नाही. कंपनीला याचा उपयोग नाही. आणि तुम्ही म्हणाल, आज हा प्रश्न एखाद्या एआयला विचारला तर अर्ध्या मिनिटात उत्तर येईल. येईल की! पण कुठला प्रश्न विचारणार? तो कागद ऐंशी वर्षं घरात होता. आम्ही सगळ्यांनी तो वाचलाय. आजीची गोष्टही सगळ्यांना पाठ. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून "हे जुळत नाहीये" असं म्हणायला कुणीतरी थांबावं लागतं. उत्तर शोधणं स्वस्त झालंय. थांबणं अजून तितकंच महाग आहे.

माझ्या ऑफिसात हे परवडत नाही. मी तक्रार करत नाहीये, पगार त्याचाच मिळतो. तिकीट आलं, कारण सापडलं, दुरुस्ती केली, बंद. मध्येच कुणी "पण हे असं मुळात का आहे?" विचारलं तर उत्तर ठरलेलं: पुढच्या स्प्रिंटला बघू. तो स्प्रिंट काही येत नाही. त्यात कुणाचा दुष्टावा नाही. कामाचा हिशोबच दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत होतो, आणि काही प्रश्न दोन आठवड्यांत मावत नाहीत.

तर मावशीच्या आज्ञेनुसार मी बारकीशी बोललो. शनिवारी संध्याकाळी, टेकडीवर. ऑफरचं उत्तर पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं. मी म्हटलं, "आकडे काढू. थिसिसचं काय राहिलंय?" तिनं बोटांवर मोजलं: दोन प्रकरणं लिहून तयार, एक अर्धं, आणि पुलावरची मोजणी पावसाळ्यानंतर पुन्हा एकदा. नीट रेटलं तर पाच महिने. फेलोशिप उरली होती तेवढीच.

"मग अडचण काय आहे? नोकरी करायची नाहीये का?"

"करायचीय. पैसे हवेत मला, दादा. बाबा पुढच्या वर्षी रिटायर होतायत. मला तेही दिसतं." जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मला कामाची भीती नाही वाटत. हे थांबून बघणं आपोआप बंद पडेल याची वाटते. तुझं पडलं का?"

या प्रश्नाची तयारी करून मी गेलो नव्हतो. "बरंचसं," मी म्हटलं. "शनिवार-रविवार उरलेत."

"तेवढे पुरतात?"

"पुरतात असं नाही. पण ते कुणी आपणहून देत नाही, आपल्यालाच राखून ठेवावे लागतात. आणि अजून एक. तुझी घड्याळं, पत्रिका, सगळं मला आवडतं. पण थिसिस अर्धा ठेवून गेलीस तर नंतर दर शनिवारी तोच आठवेल, बाकी कशातच मन लागणार नाही. तो भारी व्हायची गरज नाही. पूर्ण व्हायची आहे."

यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. खाली पौड रस्त्याचे दिवे लागत होते. मग उठून कपडे झटकत म्हणाली, "म्हणजे फ्रीज डिसेंबरपर्यंत बंद."

सोमवारी तिनं कंपनीला मेल टाकली: यायचं आहे, पण थिसिस जमा करून, जानेवारीत. चालेल का? मी हे लिहितोय तोवर उत्तर आलेलं नाही. कदाचित हो म्हणतील, कदाचित दुसरा कुणीतरी लगेच येणारा घेतील. 'नाही' म्हणाले तर काय, याचीही आम्ही चर्चा केलीय आणि ती फारशी आनंदाची नाही. पण ती आता रोज सकाळी तीन तास लिहिते, आणि नवे प्रश्न एका वहीत टाकते. वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय: 'जानेवारी'.

मावशीला मी फोन करून सगळं सांगितलं. म्हटलं, "अगं मावशी, ती वेळ वाया घालवत नाहीये. आणि डिसेंबरपर्यंत तिला 'कधी संपतंय' असं कुणीही विचारायचं नाही, काकांनीसुद्धा. तेवढं तू सांभाळ."

"बरं, नाही विचारत," मावशी म्हणाली. "पण ते फ्रीजमधलं घड्याळ आता काढू का? की त्यालाही डिसेंबर?"